शेष राखावा

ऋण, अग्नि आणि शत्रु ह्यांचा शेष ठेवूं नये, कारण शेष राहिला कीं तो पुन्हां वाढतो, अशा अर्थाचें एक सुभाषित आपल्यांतील बहुतेकांनीं लहानपणीं पाठ केलेलें असतें. कोणी ह्या यादींत व्याधीचीही भर घालतात. सुभाषितांची गंमत अशी कीं, तीं पाठ करण्याच्या वयांत त्यांचा अर्थ कळत नाहीं, आणि अर्थ कळूं लागतो त्या वयांत त्यांविषयीं शंका घेण्याची बुद्धि होत नाहीं. शिवाय ह्या सुभाषितांत शंका घेण्यासारखें आहे तरी काय? सावकाराचें देणें अर्धवट फेडून कोणी सुखी झालेला नाहीं, आणि घराला लागलेली आग थोडी राखून ठेवावी असें वेड्यावांचून कोणी म्हणणार नाहीं. परंतु जगांत निदान एक व्यवहार असा आहे कीं, तेथें शत्रूचा शेष मुद्दाम राखावा लागतो, आणि जो तो राखीत नाहीं त्याच्या हातचें शस्त्रच बोथट होतें. हा व्यवहार कोणत्याही रणांगणावरचा नव्हे. तो मेंढ्यांच्या पोटांत चालतो.

मेंढ्यांच्या पोटांतील जंत हा विषय वाङ्मयाच्या मासिकांत आणल्याबद्दल वाचकांची क्षमा मागण्याचा शिष्टाचार आहे. पण मी ती मागत नाहीं. माझा स्वतःचा व्यवसाय इंग्रजी काव्य आणि निबंध शिकविण्याचा. प्राणिशास्त्राशीं माझा संबंध म्हणजे त्या विभागाच्या शेजारीं माझी खोली आहे एवढाच. तथापि ज्या घरांतील मुलाला शाळेंत वर्षांतून एकदोनदां जंतांची गोळी मिळते, आणि ज्या घरांत तापाबरोबर अँटिबायॉटिकची पाकिटें येतात, त्या प्रत्येक घराचा ह्या विषयाशीं संबंध आहे. तो कसा, हें पुढें ओघानें येईलच.

आमची थोडीशी जमीन सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यांत आहे. पीक निघाल्यावर त्या शेतांत मेंढ्या बसविण्याचा परिपाठ वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला आहे. ज्या धनगर कुटुंबाचा कळप आमच्याकडे बसतो, त्यांतील वडील पुरुषाला सारें गांव 'आबा' म्हणतें, आणि मीही तसेंच म्हणतों. दिवाळी झाली कीं हीं माणसें बायकामुलें, घोडीं, कुत्रीं आणि बिऱ्हाड घेऊन चाऱ्याच्या शोधांत पश्चिमेकडे निघतात, आणि मृगाच्या सुमारास परत येतात. ज्याच्या शेतांत कळप रात्रीं बसतो त्याला लेंडीखत मिळतें. धनगराला धान्य किंवा रोख पैसा मिळतो. निघण्यापूर्वीं चार रात्री आमच्या शेतांत मुक्काम असतो, आणि मी सुटींत गांवीं असलों तर संध्याकाळीं आबांशीं बोलत बसतों.

अशा एका मुक्कामांत आबांनीं एक मेंढी धरून आणली, तिच्या खालच्या पापणीवर अंगठा ठेवून ती उलटी केली, आणि मला आंत पाहावयास सांगितलें. जेथें डाळिंबाच्या दाण्याचा रंग असावयास हवा, तेथें कागदाचा रंग होता. जबड्याखालीं पाणी उतरून एक मऊ पिशवी लोंबत होती. मेंढी तशी खात होती. पण चार पावलें चालून थांबत होती. जंतांचें औषध पाजलें नाहीं काय, असें मीं विचारलें. आबा म्हणाले, "पाजलं की. दोन डाव पाजलं. आवशीद तेच हाय, मास्तर, पन जंत शाणं झाल्यात."

आपल्यासारख्या पगारदारांच्या घरीं संकटासाठीं बँकेंत ठेव असते. आबांची ठेव चार पायांवर उभी असते. नातीचें लग्न, सुनेचें बाळंतपण, म्हाताऱ्याचें ऑपरेशन ह्यांपैकीं कांहींही उपस्थित झालें कीं दोनचार मेंढ्या बाजाराला जातात. त्या हिंवाळ्यांत कांहीं मेंढ्या बाजाराला न जातांच गेल्या. 'जंत शहाणे झाले' हें वाक्य माझ्या मनांतून जाईना. त्याचा अर्थ काय, हें समजून घ्यावें म्हणून मीं वाचावयास आरंभ केला, आणि वाचतां वाचतां माझी गांठ त्या सुभाषिताशीं पडली.

मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या पोटांत जंतांच्या अनेक जाती नांदतात. त्यांपैकीं उष्ण व पावसाळी हवेंत सर्वांत घातक ठरलेला जंत शास्त्राच्या भाषेंत हीमाँकस कंटॉर्टस ह्या नांवानें ओळखला जातो. त्याची मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब असते. तिचें रक्तानें भरलेलें तांबडें आतडें आणि पांढरे अंडकोश एकमेकांभोवतीं पीळ घालून असतात. युरोपांत न्हाव्याच्या दुकानाबाहेर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब लावण्याची जुनी चाल आहे. त्यावरून इंग्रजींत ह्याला न्हाव्याच्या खांबाचा जंत म्हणतात. नांव गंमतीचें आहे, पण काम गंमतीचें नव्हे. मेंढीच्या चौथ्या पोटांत बसून एक जंत दिवसाकांठीं सुमारें ०.०५ मिलिलिटर रक्ताची हानि करतो. एवढ्याशा थेंबाची कोणी पर्वा करणार नाहीं. परंतु पांच हजार जंत असले तर तोच हिशेब रोजच्या पाव लिटरावर जातो, आणि तीस किलोच्या मेंढीच्या अंगांत सगळें मिळून रक्त असतें सुमारें दोन लिटर. आबांनीं दाखविलेली पापणी पांढरी कां होती, ह्याचें उत्तर ह्या गुणाकारांत आहे.

मादी रोज पांच ते दहा हजार अंडीं घालते. तीं लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली कीं फुटतात. आणि आठवड्याभरांत अळी गवताच्या पात्यावरील दंवाच्या थरांतून वर चढून मेंढीच्या तोंडाची वाट पाहूं लागते. मेंढीच्या पोटांत गेल्यावर सुमारें तीन आठवड्यांत ती स्वतः अंडीं घालावयास लागते. म्हणजे कोणत्याही वेळीं ह्या जातीचा एक भाग मेंढ्यांच्या पोटांत असतो आणि दुसरा, बहुधा फार मोठा, भाग कुरणावर पसरलेला असतो. औषध पोटांत जातें. कुरणावर जात नाहीं. ही साधी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारा विचार तिच्यावर उभा आहे.

ह्या जंतांवर पूर्वीं मोरचूद पाण्यांत कालवून पाजीत असत; त्यानें जंत मरत, आणि मात्रा चुकली तर मेंढीही मरे. १९४० च्या सुमारास फेनोथायझिन हें द्रव्य वापरांत आलें आणि पशुपालकांस भरंवशाचें औषध मिळालें. १९५७ सालीं अमेरिकेंतील केंटकी राज्यांत त्याला न जुमानणारे जंत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. १९६१ सालीं थायाबेंडाझोल आलें; तें पूर्वीच्या औषधाहून पुष्कळ गुणकारी आणि मेंढीला निर्धोक होतें. तीन वर्षांनीं, १९६४ सालीं, त्यालाही दाद न देणारे जंत सांपडले. आपल्या देशांत मेंढ्यांच्या जंतांनीं ह्या दोन्ही औषधांचा प्रतिकार केल्याची नोंद १९७६ सालीं छापली गेली. पुढें लेव्हामिझोल आलें. त्याचीही गत निराळी झाली नाहीं.

त्यानंतरची कथा अधिक उदात्त आहे, आणि म्हणूनच तिचा शेवट अधिक खिन्न करणारा आहे. जपानांतील सातोशी ओमुरा ह्या शास्त्रज्ञांनीं शिझुओका प्रांतांत एका गोल्फच्या मैदानाजवळची माती गोळा केली. तींतून एक सूक्ष्मजीव मिळाला, आणि त्यापासून निघणाऱ्या द्रव्यावरून अमेरिकेंत विल्यम कॅम्बेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं आयव्हरमेक्टिन सिद्ध केलें. १९८१ सालीं तें जनावरांसाठीं बाजारांत आलें. पुढें आफ्रिकेंत नदीकांठच्या लोकांना आंधळें करणाऱ्या एका रोगावर तेंच औषध वरदान ठरलें, आणि २०१५ सालीं ओमुरा व कॅम्बेल ह्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु पारितोषिकाच्या पुष्कळ आधीं, औषध निघाल्यापासून दहा वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच, दक्षिण आफ्रिकेंतील मेंढ्यांत त्याला पचविणारे जंत सांपडले होते. त्यानंतर मेंढ्यांसाठीं सर्वस्वीं नव्या कुळांतलें औषध येण्यास २००९ साल उजाडलें. मोनेपँटेल हें त्याचें नांव. तें प्रथम न्यूझीलंडांत विकावयास आलें, आणि २०१३ सालीं त्याच देशांतून त्याच्या पराभवाची बातमी आली.

अठ्ठावीस वर्षें वाट पाहावयाची आणि चार वर्षांत गमवावयाचें, हा हिशेब कोणत्याही संसारांत परवडणारा नव्हे.

येथें आबांच्या वाक्याकडे परत वळतों. जंत खरोखरच शहाणे होतात काय? शिकवून कोणी शहाणा होतो ह्याविषयीं तीस वर्षांच्या अध्यापनानंतर मी फारसा आग्रह धरीत नाहीं. पण जंत तर खात्रीनें शिकत नाहीं. माझ्या शेजारच्या खोलींतील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनीं मला हें एका उदाहरणानें समजावून दिलें. थायाबेंडाझोल व त्याच्या कुळांतील औषधें जंताच्या पेशींतील एका प्रथिनाला चिकटतात. त्या प्रथिनापासून पेशीच्या आंतल्या बारीक नळ्या रचल्या जातात. औषध चिकटलें कीं रचना थांबते आणि जंत मरतो. परंतु लक्षावधि जंतांत कांहीं थोडे असे असतात कीं, त्या प्रथिनाच्या सांखळींतील दोनशेव्या जागीं फेनिलॲलॅनिनऐवजीं टायरोसिन हा दुवा बसलेला असतो. एवढ्याशा फरकानें औषधाची पकड सुटते. हे जंत औषध येण्यापूर्वींही जन्मत असत. पण त्यांना त्या वैशिष्ट्याचा कांहीं उपयोग नव्हता. औषधानें त्यांना शहाणें केलें नाहीं. औषधानें फक्त त्यांचे भाऊबंद मारले आणि सारें घर त्यांना मोकळें करून दिलें.

ह्याच प्राध्यापकांनीं पुढच्या मुक्कामांत आबांच्या कळपाची परीक्षाही केली. परीक्षा सोपी आहे. औषध पाजण्यापूर्वीं लेंड्या घेऊन त्या दाट मिठाच्या पाण्यांत कालवितात. अंडीं तरंगून वर येतात, आणि आंखलेल्या कांचेवर तीं सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतात. दहा ते चौदा दिवसांनीं त्याच मेंढ्यांच्या लेंड्या पुन्हां तपासतात. अंड्यांची संख्या शेंकडा ९५ हूनही कमी प्रमाणांत घटली तर प्रतिकार आला असें समजावयाचें. आबांचा मुलगा दुसऱ्या वेळीं पन्नास कोस अंतरावरून पिशव्यांत लेंड्या घेऊन आला होता. मींही त्या कांचेवर डोळा लावला. अंडीं कमी झालीं होतीं; संपलीं नव्हतीं, आणि शेंकडा ९५ ची रेघ तर फारच लांब राहिली होती. औषधाच्या बाटलीवर मात्र सर्व जंतांचा नायनाट करण्याचें अभिवचन ठळक अक्षरांत छापलेलें होतें.

ह्या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत चटका लावून गेली ती गोष्ट निराळीच आहे. आळशी, अडाणी पशुपालकांनीं हीं औषधें बिघडविलीं, असें कोणास वाटेल. कमी मात्रा देणें, वजन न करतां अंदाजानें पाजणें, ह्यांनीं नुकसान झालेंच. शेळीच्या अंगांतून हीं औषधें लवकर बाहेर पडतात म्हणून तिला मेंढीहून अधिक मात्रा लागते, आणि आपल्याकडे दोघींना एकाच मापानें पाजतात, हेंही खरें. परंतु मोठें नुकसान झालें तें अत्यंत दक्ष, सुशिक्षित आणि शास्त्रोक्त रीतीनें वागणाऱ्यांच्या हातून. कळपांतील प्रत्येक मेंढीला औषध पाजावें आणि लगेच तिला जंतविरहित स्वच्छ कुरणावर न्यावें, असा उपदेश कित्येक वर्षें जगभर केला जात होता. ह्याहून शहाणपणाचें काय असूं शकेल? पण त्याचा परिणाम पाहा. औषधांतून जे मूठभर जंत वांचले, तेवढेच त्या स्वच्छ कुरणावर गेले. तेथें त्यांना कोणी प्रतिस्पर्धी नव्हता. त्या कुरणावर पुढें जी प्रजा झाली, ती सारी वांचलेल्यांची प्रजा झाली.

पश्चिम ऑस्ट्रेलियांत हेंच निसर्गानें घडवून आणलें. तेथें उन्हाळा कडक आणि कोरडा. कुरणावरील अळ्या होरपळून मरतात. तेथील मेंढ्यांत निराळ्या जातीचे जंत अधिक. पण न्याय तोच. बाहेरचे जंत उन्हानें मेले असतां आंतले औषधानें मारावे, म्हणजे शत्रूला दोन्ही बाजूंनीं कोंडल्यासारखें होईल, अशा विचारानें उन्हाळ्यांत सर्व मेंढ्यांना औषध देण्याची पद्धत पडली. पहिल्या पावसानंतर कुरणावर जे जंत आले, त्यांचे आईबाप औषधाला पुरून उरलेले होते. पुढें तेथील पशुवैद्यांना सल्ला बदलावा लागला: कांहीं मेंढ्या औषधावांचून सोडा.

ज्या जंतांना औषधाचा स्पर्श झालेला नाहीं, मग ते कुरणावर असोत किंवा औषध न पाजलेल्या मेंढीच्या पोटांत असोत, त्यांना शास्त्रज्ञांनीं आश्रयस्थान ह्या अर्थाचा रेफ्यूजिया हा लॅटिन शब्द लाविला आहे. दक्षिण आफ्रिकेंतील यान फान वाइक ह्यांनीं २००१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, प्रतिकार लवकर येईल कीं उशीरा, हें ठरविणारी कदाचित् सर्वांत प्रबळ गोष्ट हीच असून तिकडेच दुर्लक्ष झालें आहे. औषधाला मरणारे जंत पुष्कळ शिल्लक असले, तर वांचलेला जंत त्यांच्या गर्दींत हरवतो. त्याचा जोडीदार बहुधा साधा जंत असतो. त्याच्या संततींत प्रतिकाराचा अंश विरळ होत जातो. म्हणजे आपलें औषध टिकवून धरण्याचें काम, ज्यांना आपण मारूं शकतों असे शत्रूच करीत असतात. त्यांना शेवटच्या एकापर्यंत मारलें, तर उरतात ते ज्यांना आपण मारूं शकत नाहीं.

दक्षिण आफ्रिकेनें ह्या विचाराला एक हातांत धरण्यासारखें रूप दिलें. तेथें औषधांमागून औषधें निकामी झालीं होतीं. तेव्हां फाफा मलान, गॅरेथ बाथ, यान फान वाइक इत्यादि पशुवैद्यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एक रंगीत कार्ड तयार केलें. त्यावर डोळ्याच्या आंतल्या त्वचेचे पांच रंग छापलेले असतात. पहिला निरोगी तांबडा, पांचवा जवळजवळ पांढरा. मेंढीची खालची पापणी उलटी करावी, रंग कार्डाशीं ताडून पाहावा, आणि जी फिकी असेल तिलाच औषध पाजावें. मलान ह्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन ह्या पद्धतीला फामाचा असें नांव मिळालें, आणि ती पुढें अनेक देशांत गेली. हें शक्य होतें, कारण जंत सर्व मेंढ्यांत सारखे वांटलेले नसतात. कळपांतील थोड्या मेंढ्यांच्या पोटांत बहुतेक जंत सांठलेले असतात. बाकीच्या थोडे जंत बाळगूनही धडधाकट राहतात. त्या धडधाकट मेंढ्या सोडून दिल्या म्हणजे आश्रयस्थान आपोआप राहतें. ह्या पद्धतीला मर्यादा आहेत. रक्त पिणाऱ्या जंतालाच ती लागू पडते. अशक्तपणाचीं दुसरींही कारणें असतात. आणि पावसाळ्यांत तर दर दोनतीन आठवड्यांनीं प्रत्येक मेंढी हातांत धरावी लागते. पण आबांचा अंगठा ज्या पापणीवर गेला होता, त्याच पापणीवर ह्या विद्वानांचाही अंगठा गेलेला पाहून मला फार बरें वाटलें.

हें सगळें मीं आबांना सांगितलें. कांहीं मेंढ्या औषधावांचून सोडाव्या लागतील, हेंही सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग सोडू कुनाला, ते सांगा. समदी माझीच हायेत." मीं तांबड्या पापणीच्या मेंढ्या सोडा असें म्हटलें. ते म्हणाले, "बरं. मी सोडली. आन् म्होरल्या वाड्यानं समद्यास्नी पाजलं, तर? रान एकच हाय, मास्तर."

मी वर्गांत असतों तर ह्या प्रश्नावर तास संपल्याची घंटा झाली असती. येथें घंटा नव्हती. खरें सांगावयाचें तर ह्या विषयांतील अत्यंत अवघड प्रश्न आबांनीं चार शब्दांत मांडला होता. औषधाची बाटली विकत घेणाऱ्याची असते. पण औषधाचा गुण कोणाचाच नसतो, किंवा सर्वांचा असतो. तो गांवच्या गायरानासारखा आहे. एकानें अधिक चारलें तर त्याचा लाभ त्याच्या एकट्याचा, आणि उजाड झालेल्या रानाचें नुकसान साऱ्या गांवाचें. गायरान उजाड झालेलें निदान डोळ्यांना दिसतें. औषधाचा गुण संपत चाललेला कोणाला दिसत नाहीं, आणि दिसतो तेव्हां मेंढीच्या जबड्याखालीं पिशवी लोंबत असते.

शिवाय बाजार आहेच. औषध लागत नाहीं म्हणून आबा तालुक्याच्या गांवीं गेले, तेव्हां एका दुकानदारानें त्यांना 'नवें, जोरकस' म्हणून दुसऱ्या नांवाची, अधिक किंमतीची बाटली दिली. मीं दोन्ही बाटल्यांवरील बारीक अक्षरें वाचून पाहिलीं. दोहोंत अल्बेंडाझोलच होतें. कंपनी निराळी, रंग निराळा, औषध तेंच. आबांना अक्षरओळख बेताची. त्यांचा मुलगा मराठी वाचतो, पण बाटलीवर मराठी नव्हतें. ज्याच्या जिवावर ही सारी विद्या आणि हा सारा व्यापार चालतो, त्याला वाचतां येईल अशा लिपींत औषधाचें नांव छापणें अशक्य आहे असें मला वाटत नाहीं. औषधाचें कूळ कोणतें, एवढें जरी धनगराला कळलें, तरी एकाच कुळाच्या दोन बाटल्यांवर त्याचे पैसे जाणार नाहींत, आणि जंतांना तीच तालीम दुसऱ्यांदा मिळणार नाहीं.

दुसरे मार्गही शोधले जात आहेत. ऑस्ट्रेलियांत २०१४ सालीं ह्याच जंताविरुद्ध एक लस निघाली. जंताच्या आतड्याच्या अस्तरांतील प्रथिनांपासून ती करतात. मेंढीच्या रक्तांत तयार झालेलीं द्रव्यें त्या रक्ताबरोबरच जंताच्या पोटांत जाऊन त्याचें पचन बिघडवितात, ही कल्पना मला मोठी न्याय्य वाटते. परंतु ही लस पुन्हां पुन्हां टोंचावी लागते. अधिक टिकाऊ मार्ग जातीच्या निवडीचा आहे. आपल्याच महाराष्ट्रांत फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेंत दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा बंगालमधील सुंदरबनच्या गारोळ मेंढ्यांशीं संकर करून जी तुलना झाली, तींत गारोळ रक्ताचीं कोंकरें जंतांपुढें अधिक टिकाव धरणारीं आढळलीं. दलदलींत पिढ्यान्‌पिढ्या चरलेल्या त्या लहानखुऱ्या मेंढीनें जंतांशीं जो करार केला आहे, तो कोणत्याही बाटलींत मिळत नाहीं. आबाही पैदाशीसाठीं ठेवावयाचा नर निवडतांना त्याच्या आईची पापणी पाहतात. हें त्यांना कोणी शिकविलेलें नाहीं.

आतां आरंभीं दिलेलें वचन पुरें करतों. आपल्या देशांत २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांना जी गोळी देतात, ती अल्बेंडाझोलची. म्हणजे आबांच्या त्या दोन बाटल्यांतल्याच द्रव्याची. ही योजना वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. लक्षावधि अशक्त मुलांना तिचा उपयोग झाला आहे, आणि मेंढ्यांच्या जंतांत जसा प्रतिकार सर्वत्र पसरला तसा माणसांच्या जंतांत पसरलेला नाहीं. म्हणून कोणी आईबापांनीं हा निबंध वाचून मुलाची गोळी चुकवूं नये. मात्र गोळीचा गुण कायम आहे कीं नाहीं, हें लेंड्यांप्रमाणेंच येथेंही अधूनमधून मोजून पाहिलें पाहिजे, आणि त्या मोजणीवर होणारा खर्च वायफळ समजूं नये. अँटिबायॉटिकांच्या बाबतींत जंतु निराळे, नियम निराळे. डॉक्टरांनीं सांगितलेला क्रम आपल्या मनानें तोडावा असा ह्याचा अर्थ मुळींच नव्हे. परंतु पडशाला अँटिबायॉटिक मागणारे आपण, आणि धडधाकट मेंढीला औषध पाजणारा धनगर, ह्यांत फरक असलाच तर तो आपल्याविरुद्ध आहे. त्याची ठेव मरत असते. आपल्याला फक्त सोमवारीं कामावर जावयाचें असतें.

सुभाषित रचणाऱ्याला मी दोष देत नाहीं. त्याच्यापुढें असलेला अग्नि विझवितांना त्याच्या घड्यांतलें पाणी निकामी होत नव्हतें. आपल्यापुढें असलेला शत्रु मात्र असा आहे कीं, त्याच्यावर घातलेला प्रत्येक घाव त्यालाही घडवितो. अशा शत्रूशीं वागतांना किती मारावे ह्याबरोबरच किती राखावे हेंही ठरवावें लागतें, आणि राखण्याचा भार एकट्या आबांवर टाकून चालत नाहीं. ज्या वाड्यांचें रान एक आहे, त्यांनीं एकत्र बसून ठरवावयास हवें. पशुवैद्यानें तेथें जाऊन लेंड्या मोजावयास हव्या. आणि सोडलेली मेंढी दगावली तर तिची भरपाई कोणी करावयाची, हें आधीं सांगावयास हवें. 'रान एकच आहे' ह्या प्रश्नाला मला सुचलेलें उत्तर हें एवढेंच आहे. पुढचें औषध येईल तेव्हां येईल. मागच्या वेळीं त्याला अठ्ठावीस वर्षें लागलीं होतीं. आबांचा नातू सध्यां सात वर्षांचा आहे, आणि कळप त्याच्याकडे जावयाचा आहे.